रात्री गारठा, दुपारी ऊन: घोड्याला झूल कधी घालायची आणि कधी नाही

दिवाळी सरली की दरवर्षी तीच तक्रार. रात्री गार पडतं म्हणून संध्याकाळी घोड्याला झूल घातली, सकाळी नऊ-दहाला काढली तर आतून ओलसर, खांद्यावरचे केस घासलेले, पाठीवर बारीक पुरळ, आणि आठवड्याभरात घोडा खोकायला लागतो. मग कोणीतरी शहाणा सांगतो की थंडी बाधली, अजून जाड घाला. जाड घातली जाते आणि सगळंच वाढतं. दुसऱ्या बाजूला असेही लोक आहेत की "घोडा म्हणजे घोडा, त्याला कसली थंडी" म्हणून दात पडलेलं म्हातारं घोडं उघड्या माळावर बांधून मोकळे होतात. दोन्ही बघून बघून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय.

हे सगळं देशावरच्या हवेसाठी आहे हां, म्हणजे पुणे, नगर, नाशिक, सातारा हा पट्टा. मुंबई-कोकणवाल्यांनी आजारी किंवा केस कापलेला घोडा सोडला तर झुलीचा विचारच करू नका, तिकडे घाम पुसायचंच काम जास्त.

आपल्याकडची गोम अशी की थंडी फार नाहीये, फरक फार आहे. डिसेंबरात पुण्यात दुपारी २८-३० डिग्री आणि पहाटे १०-१२, निफाडकडे तर पहाटे ५-६ वर येतं, कधी त्याच्याही खाली, महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या बाजूला एखाद्या पहाटे दव गोठतं. म्हणजे एकाच दिवसात १८-२० डिग्रीची उडी. नेटवर जे चार्ट फिरतात, इतक्या डिग्रीला इतकी जाड रग (परदेशी पद्धतीची पट्ट्यांची झूल) वगैरे, ते बहुतेक अशा देशांचे आहेत जिथे दिवसभर गार आणि ढगाळ असतं, रग चढवली की दोन दिवस अंगावरच. तो चार्ट आपल्याकडे रात्री दोनला बरोबर असतो आणि सकाळी साडेनऊला पूर्ण चूक. आपल्याकडची निम्मी भानगड झूल घातल्यामुळे होत नाही, ती वेळेवर न काढल्यामुळे होते.

आता घोड्याला थंडी कधी वाजते ते. आपण २० डिग्रीला स्वेटर शोधायला लागतो तेव्हा घोडा नुकताच निवांत झालेला असतो, कारण ऑक्टोबरच्या उन्हानं तोच जास्त वैतागलेला असतो. सौम्य हवेत राहणाऱ्या तब्येतीच्या मोठ्या घोड्याला साधारण ५ डिग्रीपर्यंत अंग गरम ठेवायला वेगळी ताकद लावावी लागत नाही, आणि कॅनडासारख्या ठिकाणी थंडीला मुरलेली घोडी तर उणे १५ पर्यंत आरामात राहतात. दोन गोष्टींवर चालतं हे. एक म्हणजे केस, थंडी पडली की ते उभे राहतात आणि मधे हवा अडकते, गोधडीच्या थरांत अडकते तशी. आणि दुसरं पोट. घोड्याच्या मागच्या मोठ्या आतड्यात चारा आंबत असतो आणि त्यातून सतत उष्णता निघते, म्हणजे रात्रभर पोटात कडबा-गवत असलेला घोडा आतून शेकत असतो.

पण म्हणून ५ डिग्रीचा आकडा डोळे मिटून घेऊ नका. थंडीला सरावायला अंगाला दोन-तीन आठवडे लागतात आणि आपल्याकडे दुपार रोज तापते, त्यामुळे आपल्या घोड्यांचा कोट थंड देशातल्या घोड्यांसारखा जाड होत नाही. मी तरी थोडी सूट धरून चालतो. केस न कापलेला, अंगानं भरलेला, वाऱ्यापासून आडोसा असलेला आणि कोरडा घोडा, त्याला १० डिग्रीच्या वर काही नको. १० ते ५ मधे हात लावून बघायचं आणि ठरवायचं, बहुतेक वेळा तरीही काही नको असतं. ५ च्या खाली जात असेल तर रात्रीपुरती हलकी झूल, तीही वारा असेल किंवा घोडा बारीक असेल तर. केस भादरलेला असेल तर हिशोब वेगळा, त्याला १५ च्या खाली चादरीसारखी एक पातळ रग, १० च्या खाली १०० ग्रॅम भरावाची, ५ च्या खाली २०० ची. हे ठोकताळे आहेत, कायदा नाही.

आणि आकडा मोबाईलमधला घेऊ नका. पुण्यात शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव यांचं किमान तापमान एकाच पहाटे वेगवेगळं असतं, लोहगावला बरेचदा चांगलं तीन-चार डिग्री जास्त. तुमचा तबेला ओढ्याकाठी खोलगट जागेत असेल तर गार हवा तिथेच येऊन साचणार. साधा भिंतीवरचा थर्मामीटर घ्या, घोड्याच्या पाठीच्या उंचीला लावा, आणि सूर्य उगवायच्या जरा आधी बघा, कारण सगळ्यात गार वेळ ती असते, मध्यरात्र नाही.

केसांबद्दल एक मुद्दा, जो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. हिवाळ्याचे केस मुख्यतः दिवस लहान होत गेल्यामुळे येतात. थंडीनं त्यात थोडाफार फरक पडतो, पण सुरुवात उजेडावरून होते. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात, भर उकाड्यात सुद्धा घोड्याच्या अंगावर लव दिसायला लागते. पुण्याच्या अक्षांशावर जूनचा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि डिसेंबरचा अकरा, म्हणजे फरक तसा कमीच. त्यात तुमच्या तबेल्यात रात्रभर ट्यूबलाईट चालू असेल तर घोड्याचं शरीर समजतं दिवस अजून मोठाच आहे. ब्रीडिंग फार्मवर घोड्या लवकर माजावर याव्यात म्हणून मुद्दाम सोळा तास उजेड देतात, त्यांचे हिवाळी केसही लवकर झडतात. तेव्हा "आमच्या घोड्याला हिवाळ्यात केसच येत नाहीत हो" म्हणणाऱ्यांनी आधी वर बघावं, दिवा कधी बंद होतो. चोरांची भीती असेल तर लाईट बाहेरच्या बाजूला लावा, घोड्याच्या डोळ्यावर नको.

आता कुठला घोडा. सारंगखेड्याच्या यात्रेतून डिसेंबरात घोडा आणणारे दरवर्षी असतात. पंजाब-राजस्थानातून आलेला घोडा अंगावर जाड लव घेऊनच येतो, त्याला दोंडाईचा-धुळ्यावरून खाली पुण्याकडे आणला की इथली थंडी त्याच्यासाठी थंडीच नाही. पण नवा कोरा घोडा, हौस दांडगी, लगेच नक्षीदार मखमली झूल चढते. ती मिरवणुकीपुरती ठीक. रात्री अशा घोड्याला काही घालू नका, त्याची त्याला आहे.

उलटा प्रकार रेसकोर्सवरून रिटायर होऊन आलेल्या थरोब्रेडचा. कातडी पातळ, केस बारीक, आणि आयुष्यभर बंद बॉक्समधे झुलीखाली राहिलेला. त्याला नोव्हेंबरात फार्मवर आणून पहिल्याच रात्री मोकळा सोडला तर तो कुडकुडणारच. त्याला दोन-तीन आठवडे रात्रीची हलकी रग चालू ठेवा, हळूहळू उशिरा घाला आणि लवकर काढा. पुढच्या वर्षी तोच घोडा उन्हाळ्यापासून बाहेर राहिला तर निम्मी गरज उरत नाही. मारवाडी, काठियावाडी, आपली भीमथडी तट्टं, यांना मुळात कमी लागतं. वीसच्या पुढचं म्हातारं घोडं, दात गेलेले, चारा नीट चावत नाही, लिदीत अख्ख्या काड्या दिसतात, त्याला मात्र घालाच, वाद नको, कारण त्याची आतली शेगडीच मंद झालेली असते. शिंगराला शक्यतो झूल नको, आडोसा द्या, कोरडं अंथरूण द्या आणि आईजवळ ठेवा, लहान शिंगरू झुलीच्या पट्ट्यात पाय अडकवून घेतं.

हात लावून बघायचं म्हणजे कसं, कारण नव्वद टक्के लोक कान चाचपतात. कान आणि पाय गार असले म्हणजे घोड्याला थंडी वाजतेय असं होत नाही, रक्त आत ओढून घेणं हा त्याचा नेहमीचा बंदोबस्त आहे. हात पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे घाला, जिथे तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) येतो तिथे, मग खांद्याच्या मागून वर सरकवा जिथे मान संपून पाठ सुरू होते. झूल असेल तर झुलीच्या आत. आपला हात आधी बगलेत धरून गरम करा, गार हातानं सगळंच गरम लागतं. तळवा केसांच्या उलट दिशेनं आत घुसवून कातडीला टेकवायचा आणि थोडा वेळ तसाच ठेवायचा. कातडी ऊबदार आणि कोरडी, केस सुटे, म्हणजे बरोबर. गरम आणि बोटांना चिकट दमटपणा, म्हणजे झूल जास्त झाली, आत्ता काढा. कातडीच गार लागली, केस ताठ उभे, शेपूट आत दाबलेली, पुठ्ठा म्हणजे मागचा भाग वाऱ्याकडे करून आखडून उभा, तर त्याला खरंच थंडी वाजतेय. हे एकदा रात्री दहाच्या चाऱ्याला आणि एकदा पहाटे करा. चार-पाच रात्री केलं की तुम्हाला तुमचा घोडा कळतो, मग पोस्ट वाचायची गरज नाही.

घोड्याला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं असं वाटत असेल तर नॉर्वेत ते करून झालंय. २०१६ मधे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ घोड्यांना फळ्यांवरची चिन्हं शिकवली, एक झूल घाला, एक काढा, एक आहे तसं राहू द्या. उन्हाच्या दिवशी ते काढा म्हणायचे, आणि पाऊस-वारा-गारठा एकत्र आला की घाला. म्हणजे नुसत्या गार हवेपेक्षा ओल आणि वारा घोड्याला जास्त झोंबतो, आणि आपल्याला नेमकं हेच धरून चालायचंय.

आता एकेक तक्रार घेऊ.

सकाळी झूल आतून ओली. तीन कारणं असतात. झूल जाड आहे, किंवा उशिरा निघतेय, किंवा घालतानाच घोडा ओला होता. पहिल्या दोनांना उपाय सोपा, ऊन अंगणात आलं की झूल खाली, साडेसात-आठच्या पुढे नाही. मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा माणूस) नऊला येत असेल तर पातळ झूल घाला किंवा अजिबात नको, कारण रात्री दोन तास थोडं गार लागलेलं परवडतं, पण दोन तास घामानं निथळून मग झूल काढल्यावर वारा लागलेला परवडत नाही. तिसरं कारण मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. संध्याकाळी सहाला राईड संपते, घोडा मानेखाली आणि खोगिराखाली ओलाचिंब, सातला अंधार, मोतद्दाराला घरी जायची घाई, चढव झूल. आत ओल कोंडली, रात्रभर तीच अंगावर. घोडा चालवून थंड करा, वाळलेल्या गवताच्या बोळ्यानं किंवा टॉवेलनं केसांच्या उलट घासा, जाळीची किंवा फ्लीसची घाम ओढणारी चादर असेल तर ती टाका, आणि खोगिराखालची जागा हाताला कोरडी लागल्यावरच रात्रीची झूल. वेळच नसेल तर जुनी युक्ती आहे, पाठीवर वाळलेल्या गवताचा थर पसरा आणि वरून गोणपाटाची सैल झूल बांधा, हवा खेळते आणि वाफ निघून जाते, मग तासाभरानं गवत काढून टाका. रोजच असं होत असेल तर राईड एक तास अलीकडे आणा, सगळ्यात स्वस्त उपाय तोच.

खांद्यावर आणि मानेच्या तळाशी केस घासलेत. झूल मापाची नाही. छातीच्या मध्यापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत टेपनं मोजा आणि त्या मापाची घ्या, "मोठी घे, सगळ्यांना होईल" हा हिशोब बंद करा. मोठी झूल मागे सरकते आणि पुढची कड खांद्यावर ओढत राहते. पोटाखालचा पट्टा आणि पोट यात तळहात आडवा जाईल एवढी जागा, मागच्या पायांचे पट्टे असतील तर एकमेकांत गुंतवून, लोंबते नकोत. घासून जखम झाली तर धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि झाला की वाचणं अवघड, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. पुरळ किंवा गोल चकत्या दिसत असतील तर ती झूल दुसऱ्या घोड्याला अजिबात नको, खरारा आणि ब्रशसुद्धा वेगळे. एकाच गोणपाटानं पूर्ण तबेल्यात गजकर्ण फिरतं.

झूल आहे तरी घोडा वाळतोय. झूल वाळलेपण झाकते एवढंच. दिवसातून एकदा पूर्ण उघडा करून बरगड्यांवरून हात फिरवा, केस जाड असले की नजरेला घोडा भरलेला दिसतो आणि हाताला बरगड्या लागतात. थंडीच्या दिवसांत चारा वाढवायचा म्हणजे कोरडा चारा वाढवायचा. वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला ६ ते ८ किलो, आणि त्यातला मोठा वाटा रात्री. आपल्याकडे थंडी पडली की चंदी (दाण्याचा खुराक) वाढवायची, बाजरी घालायची, गूळ द्यायचा अशी पद्धत आहे, ऊब येते म्हणून. थोडं असेल तर असू द्या, पण काम न करणाऱ्या घोड्याला दाणा वाढवून पोटदुखी आणि खुरांचा दाह ओढवून घेऊ नका, उष्णता चाऱ्यातून येते. आणि पाणी. गार पाणी घोडे कमी पितात, वर सुका कडबा, की पोटात गच्च बसून कॉलिक, म्हणजे पोटशूळ. रोज २५-३० लिटर तरी गेलं पाहिजे, बादलीनं मोजा. सकाळी टाकीतलं ओतून देऊन बोअरचं ताजं भरा, पहाटे ते कोमट असतं, आणि चंदीत चमचाभर मीठ.

खोकला. झुलीला दोष द्यायच्या आधी तबेल्याच्या भिंती बघा. थंडी म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री मारलेली असते, आत मुताचा वास डोळ्यात जातो, वरून पत्र्याचं पाणी ठिबकतंय. घोड्याच्या अंगाच्या उंचीपर्यंत वारा अडवा, वरचा भाग उघडा ठेवा. उघड्या हवेतला कोरडा घोडा बंद हवेतल्या झूलवाल्या घोड्यापेक्षा निरोगी असतो, हे मी भांडून सांगेन.

अवकाळी पाऊस. नोव्हेंबरात एखादा बरसतोच. भिजलेल्या केसांत हवा अडकत नाही, त्यामुळे १५ डिग्रीला भिजलेला आणि वाऱ्यात उभा असलेला घोडा ६ डिग्रीला कोरड्या उभ्या असलेल्यापेक्षा जास्त कुडकुडतो. छप्पर नसेल तर वॉटरप्रूफ पण हवा जाऊ देणारी रग, साधं प्लास्टिक नको.

काय विकत घ्यायचं? रगवर १००, २०० ग्रॅम असं लिहिलेलं असतं ते आतल्या भरावाचं, एका चौरस मीटरमागे, अख्ख्या रगचं वजन नव्हे. ६०० किंवा १२०० डेनियर म्हणजे वरचं कापड किती दणकट, त्याचा उबेशी संबंध नाही, दुकानदार दोन्ही एकत्र करून सांगतात. भादरलेला घोडा आणि ५ च्या खालच्या रात्री सोडल्या तर आपल्या हवेत एक बिनभरावाची आणि एक १०० ची पुरते, ३००-४०० ची घेऊन ठेवायची काही गरज नाही. साधी चांगली घोंगडी, वर सैल पट्टा आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या उशा म्हणजे पट्टा कण्यावर दाबणार नाही, हेसुद्धा उत्तम चालतं, लोकर हवा खेळती ठेवते. नायलॉनचं घरातलं ब्लँकेट मात्र नको, आत पाणी सुटतं.

घोडा कुडकुडतोय आणि झूल घालूनही अर्ध्या तासात थांबत नाही, तर ती थंडी नसेलही. गुदद्वारात थर्मामीटर लावा. ३७.५ ते ३८.५ सेल्सियस, म्हणजे ९९.५ ते १०१ फॅरनहाइटच्या आसपास ठीक. वर असेल तर हुडहुडी तापाची आहे. पावसाळ्यानंतर गोमाश्यांमुळे पसरणारा सर्रा नावाचा रोग आपल्याकडे असतो, ताप येतो जातो, घोडा वाळत जातो, पाय-पोट सुजतं, आणि मालक बिचारा दोन-दोन झुली घालत बसतो. ३७ च्या खाली असेल, किंवा शांत उभा असतानाही श्वास मिनिटाला १६ च्या बराच वर राहत असेल, चारा सोडला असेल, तर डॉक्टरला फोन करा, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून उत्तराची वाट बघू नका.

झूल कमी कधी करायची? संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात, आणि घोड्याचं शरीर ते मोजतंच. जानेवारी संपता संपता खराऱ्यात केसांचे पुंजके येतात. तिथून पुढे झूल फक्त खऱ्या गार रात्री, रथसप्तमीच्या आसपास भादरलेला आणि म्हातारा सोडून बाकीच्यांची बंद. धुताना डिटर्जंट कमी वापरा आणि दोनदा खंगाळा, साबण राहिला की पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा पुरळ. दोन दिवस कडक उन्हात उलटी करून वाळवा, पट्ट्यांची शिवण आत्ताच बघून घ्या, आणि कडुनिंबाचा पाला घालून उंदरांपासून लांब टांगा, पत्र्याच्या पेटीत ओलसर कोंबून ठेवू नका.